प्रणालीच्या चेंडूतल्या दोन पट्ट्या

त्या दिवशी तिथं कोण कोण होतं ते पहिलं सांगते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको की म्हातारीला एकटीला भास झाला. मी होते – कौसल्या, वय बहात्तर, राहणार विक्रोळी, खाडीच्या बाजूला. माझी नात प्रणाली होती. तिच्या टीममधली रुबिना होती. त्यांचे कोच सावंत सर होते. गेटवर यादव वॉचमन होता. थायलंडच्या टीमबरोबर आलेली मॅनेजर बाई होती, तिचं नाव मला घेता येत नाय. आणि एक म्हातारा माणूस होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नाय... म्हणून तर हे लिहून घेतेय.

मी बोलतेय, प्रणाली मोबाईलवर टाईप करतेय. मी दुसरीपर्यंत शिकले. वाचता येतं, पण एवढं लिहायचं म्हणजे वर्ष जाईल.

आमचं घर बौद्ध. भूत, अंगात येणं, नजर लागणं, हे आमच्यात मानत नाय. चाळीत कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली की आमचे हे हसायचे. बोलायचे, "लिंबू सरबताला ठेव गं, मिरची वडापावाला." मी पण तशीच. नवरा गेला, मागनं मुलगा गेला, तेव्हा पण मला काय दिसलं नाय. दिसावं असं वाटायचं, तरी नाय दिसलं. मग मी परत कामाला लागले.

काम वेताचं. हे वेताच्या खुर्च्या विणायचे, मोठ्या ऑफिसांच्या, क्लबांच्या. माणूस डावरा. त्यामुळे विणकामाचा शेवट ते डावीकडून आत घ्यायचे – पट्टीचं टोक तीन पट्ट्यांखालून काढायचं, एकीवरून परत फिरवायचं आणि सुरीने न कापता दातांनी तोडायचं. हे त्यांचं स्वतःचं. शंभर खुर्च्यांत मी त्यांची खुर्ची हात फिरवून ओळखायची. मी त्यांच्याकडून शिकले, पण मी उजवी. माझा शेवट उजवीकडून. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यावर काम कमी झालं, ते गेल्यावर आणखी, तरी जेवढं आलं तेवढं विणून प्रणालीच्या आईला हातभार लावला. आता उजव्या हाताची तीन बोटं मिटत नायत. चालायचंच.

प्रणाली सेपाक टकरा खेळते. ज्यांना माहीत नाय त्यांना सांगते – व्हॉलीबॉलच, पण सगळं पायाने आणि डोक्याने. एका बाजूला तिघी. हात लावायचा तो फक्त सुरुवातीला. एक जण हाताने बॉल उडवते आणि दुसरी डोक्याएवढा पाय वर नेऊन तो नेटपलीकडे मारते. ती सर्व्हिस. आमची प्रणाली सर्व्हिसवाली, बॉल उडवणारी रुबिना. आता बॉल प्लास्टिकसारखा असतो, पण पूर्वी थायलंड-मलेशियाकडे वेताचाच विणायचे. प्रणाली सातवीत असताना शाळेत बॉल एकच, घरी सरावाला काय नाय. तेव्हा ह्यांनी छाती भरलेली असताना, खोकत खोकत, खुर्चीच्या वेताचा चेंडू विणून दिला. त्यांच्या हातचा तो शेवटचा नग. तेव्हापासून प्रणाली मॅचआधी त्या चेंडूवर दहा किक मारते. चेंडू खाली पडू न देता दहा. मगच आत जाते.

मागच्या वर्षी तिचा घोटा मुरगळला. बरा झाला, पण सर्व्हिस नेटमध्येच जायची. पाय वर जायच्या आधी मनच खाली बसायचं. अशात मुलुंडच्या हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा लागली. थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम, सगळे येणार. सरांनी तिला स्पष्ट सांगितलं, "पहिली मॅच तुका देतंय. नाय गेली सर्व्हिस, तर उद्यापासून बाकावर. माझ्यावर पण वरचे लोक आसत." खरं बोलले ते. पोरीने मान हलवली.

आता माझी चूक. आदल्या दिवशी मी तो चेंडू साबणाने घासून धुतला. का, तर चार देशांची माणसं बघणार, आपला चेंडू मळका नको. आणि धुऊन पत्र्यावर उन्हात ठेवला. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले, वेत सावलीत सुकवा. आणि मीच ठेवला उन्हात. संध्याकाळी उचलला तर दोन पट्ट्या तडकलेल्या. दाबला की आत जायचा.

प्रणालीला सांगितलं नाय. घरात जुन्या वेताच्या चारच पट्ट्या उरलेल्या, त्या भिजवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि सकाळी थर्मासबरोबर पिशवीत घातल्या. वाटलं, हॉलवर बसून नीट करीन.

हॉलच्या बाजूला बाहेर पायऱ्या आहेत. तिथं टीम मॅचआधी अंग गरम करायला येतात. सकाळचे अकरा वाजलेले, लख्ख ऊन. मी सावलीच्या पायरीवर बसून विणायला बघत होते. तुटकी पट्टी काढली, पण नवीन घालताना ती ओढून धरायला लागते, आणि बोटं धरीनात. तीनदा सुटली, म्हणून परत फडक्यात ठेवली.

प्रणाली आली. "आजी, बॉल दे ना."

"थांब गं जरा."

"लपवतेस काय? दाखव." बघितलं तिने. शेजारी बसली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागली.

मी बोलले, "माझ्यामुळे झालं. उन्हात ठेवला मी."

"तू? वेत उन्हात?"

"मीच."

रुबिना मागून आली, तिने चेहरे बघितले. बोलली, "यार, दहा किकच मारायच्यात ना? माझ्या डोक्यावर मार. ते पण गोल आहे."

प्रणाली हसली, पण डोळ्यात पाणी होतं. बोलली, "सर्व्हिस नाय जाणार गं आज. मला माहितीये."

तेवढ्यात तो माणूस वरून उतरत आला आणि माझ्या खालच्या पायरीवर बसला. किडकिडीत, पांढरा हाफ शर्ट, पँट दुमडलेली, अनवाणी. पलीकडच्या पायऱ्यांवर थायलंडची मंडळी होती, मला वाटलं त्यांच्यातला. त्याने हात पुढे केला. विचारलं बिचारलं काय नाय. कारागीर दुसऱ्या कारागिराच्या हातातलं अडलेलं काम घेतो, तसा. मी चेंडू दिला.

त्याने चेंडू उजव्या हातात धरला आणि विणायला लागला डाव्या हाताने.

मी चष्मा पुसला. तो आमचा माणूस नव्हता, हे मी नीट सांगते. तोंड वेगळं, कान मोठे, रंग उजळ. ह्यांच्यासारखं त्याच्यात काय नव्हतं. फक्त काम त्यांचं होतं. मी थर्मासमधून कपात चहा ओतला, त्याच्याजवळ ठेवला, बोलले, "घ्या." त्याने मनगटाने कप बाजूला सरकवला आणि चेंडूकडे बोट केलं. आमचे हे असंच करायचे. बोलायचे, "आधी शेवट, मग चहा."

टोक तीन पट्ट्यांखालून गेलं. एकीवरून परत फिरलं. मग त्याने चेंडू तोंडाजवळ नेला आणि दातांनी तोडलं.

चेंडू मला दिला नाय. प्रणालीला दिला. तिने दाबून बघितला आणि उभी राहिली. रुबिना मोठ्याने मोजायला लागली, सावंत सर पण येऊन बघत उभे राहिले. एक, दोन... दहा. चेंडू पडला नाय. दहाव्याला तिने तो हातात झेलला आणि सर बोलले, "चल, आत नाव पुकारतत."

मी मागं वळले. पायरी रिकामी. कप तसाच भरलेला, वर साय धरलेली.

मॅच थायलंडशीच होती. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. मी खाली बघत बसले. दुसरी गेली पलीकडे. तिसरी गेली. मग मी मोजायचं सोडलं. मॅच हरल्या, त्यांच्यापुढे कोण टिकतंय. पण सर बाहेर येताना बोलले, "आजी, ही खेळतली आता." शेवटच्या दिवसापर्यंत खेळली. बाकावर बसली नाय.

मॅचनंतर मी त्या माणसाला शोधलं, आभार मानायला. सरांनी थायलंडच्या मॅनेजर बाईला इंग्लिशमध्ये विचारलं. ती हसली, माझ्याकडे बघून सरांना काहीतरी बोलली. सरांचा चेहराच बदलला. मी बोलले, "काय बोलते?"

"बोलते, आमचो कोण म्हातारो नाय. आमका वाटला, ते ह्या आजींचे मिस्टर."

यादवला विचारलं. तिथं सगळ्यांना गळ्यात कार्ड, रजिस्टरवर सही. तो बोलला, "अम्मा, सुबह से कोई बुजुर्ग नहीं आया. आप ही आयी हो, बस." रुबिनाने दहा किकचा व्हिडिओ काढला होता. त्यात प्रणाली दिसते, सर दिसतात, पायरी येतच नाय.

घरी आले, पिशवी उघडली. फडकं ओलं होतं. आत पट्ट्या चार.

चेंडूत दोन नव्या पट्ट्या आहेत, बाकीच्यांपेक्षा फिकट. कुणालाही दाखवीन. सर बोलतात, आजी, तुम्ही सहा आणल्या असतील. असतील बाबा. पण मी चारच भिजवल्या, कारण घरात चारच होत्या. प्रणाली बोलते, कोणीतरी जुना कारागीर असेल, त्याच्याच खिशात वेत असेल. असेल. पण तो शेवट ह्यांनी कुणालाच शिकवला नव्हता, मला सुद्धा जमला नाय. मी अजून देव मानत नाय, भूत मानत नाय. आणि जे झालं त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाय. भीती नाय वाटली, एवढं खरं. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले आणि दुपारी गाढ झोपले. खूप वर्षांनी.

चेंडू आता फडताळात, सावलीत असतो.

तर वाचणाऱ्यांना एकच विनंती. मुलुंड-भांडुपकडे, नायतर कुठेही, पांढऱ्या हाफ शर्टातला, डाव्या हाताने काम करणारा असा म्हातारा माणूस दिसला, तर त्याला कोण, कुठला विचारत बसू नका. हातातलं काम पुरं करू द्या आणि मग एक कप गरम चहा पाजा. माझ्याकडचा त्याचा राहिलाय.