दिराची टाच

धाकटा दीर बासवालीशी सरळ बोलत नसे. बोलायचंच झालं तर घोगऱ्यामार्फत. घोगऱ्या बँडचा गायक, आणि बँडही त्याचाच. आवाज कानशीने घासल्यासारखा, म्हणून हे नाव.

"वहिनींना सांग, आवाज कमी करा," ड्रमवर बसलेला दीर म्हणे. वहिनी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी असे.

"भावजींना सांग, ऐकलं."

"मी काय पोस्टमन आहे?" घोगऱ्या म्हणे.

बास गिटार आधी तिचा नवरा वाजवत असे. त्याची बोटं आखडायला लागली तेव्हा त्याने ती तिला शिकवली. लाडीगोडीने नव्हे. चुकली की तिच्या खांद्यावरून बास काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "आधी ऐक. मग हात लाव." त्याचं म्हणणं एवढंच होतं: ड्रमवाल्याच्या पायाचा, म्हणजे पुढच्या मोठ्या ढोलाचा, ठोका पडला की त्याच्याबरोबर स्वर टाकायचा, आणि काठीचा कडक ठोका पडतो त्या क्षणी तो बंद करायचा. स्वर कुठे सुरू होतो ते सगळे बघतात, कुठे संपतो ते कुणी बघत नाही. तो लोंबकळत राहिला की काठीचा ठोका चिखलात पडल्यासारखा वाटतो. वेळेवर कापला की ठोक्याला मोकळी जागा मिळते आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप डुलायला लागते. का, ते त्याला सांगता येत नाही. बँडवाले याला पॉकेटमध्ये वाजवणं म्हणतात. मेहनत पुरी लागते आणि कौतुक होत नाही. कौतुकाची हौस असणाऱ्याने बास घेऊच नये.

नवरा वारला आणि बँडमधली त्याची जागा तिच्याकडे राहिली. ते दिराच्या डोळ्यांत सलत होतं. भावाची जागा घरातल्या पुरुषाला मिळावी, म्हणजे आपल्या जावयाला, असं त्याने मनात पक्कं केलं होतं. जावयाची बोटं झुरळासारखी धावत. एका स्वराची जागा असेल तिथे तो सहा कोंबायचा आणि वर हसून बघायचा.

मग तालमीत तक्रार सुरू झाली. बास पुढे पळतेय, असं घोगऱ्याला वाटू लागलं. आधी अधूनमधून, मग प्रत्येक गाण्यात.

"बाई, घाई कसली आहे? गाडी सुटतेय का?"

"मी जागेवर आहे," ती म्हणाली.

"मग ड्रम काय गावाला गेलाय?"

दीर काठ्या पुसत बसला होता. जावई कोपऱ्यात बसून, मान खाली घालून, ओठ चावत होता. हसू आवरायला माणूस चावतो तसा.

तिला कळायला वेळ लागला नाही. दीर काठीचा ठोका अचूक मारत होता, कारण तो सगळ्यांना ऐकू येतो. पायाचा ठोका मात्र केसभर उशिरा टाकत होता. तिचा स्वर जागेवर पडायचा आणि पाय मागून यायचा. ऐकणाऱ्याला मात्र बासच उतावीळ वाटायची. ड्रमवाला चुकतो असं कुणाच्या मनात येत नाही. तिने तोंड उघडलं असतं तर दिराने हात झटकले असते, आणि बाई चूक करून वर भांडते असं ठरलं असतं.

"शनिवारी क्लबात नाच आहे," घोगऱ्या म्हणाला. "जावईबापू बास घेऊन येतील. पहिल्या दोन गाण्यांत असंच झालं तर तुम्ही उतरा, ते चढतील. राग मानू नका."

"राग मानेन," ती म्हणाली. "पण येईन."

ती दिवसा लाँड्रीत कामाला होती. तिथे वाफेचा मोठा इस्त्रीचा रूळ होता. दोघींनी चादरीचं एकेक टोक धरून ती रुळात घालायची. एकीने आधी सोडलं की चादर तिरकी जाते, चुण्या पडतात आणि पुन्हा धुवावी लागते. तिच्या जोडीला होती नकटी. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघींचं बोलणं तुटलेलं होतं. तरी चादर सरळ जायची. बासवाली नकटीच्या तोंडाकडे कधी बघत नसे. ती बघे अंगठ्याकडे. टोक सुटण्याआधी अंगठा उचलला जातो. तेवढं दिसलं की पुरे. त्या आठवड्यात चादरी घालता घालता तिच्या ध्यानात आलं की ड्रमच्या पायाचा ठोका ती आजवर फक्त ऐकत आली होती. ऐकू येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

शनिवारी संध्याकाळी क्लबात ती सगळ्यांच्या आधी आली आणि आपल्या बासच्या स्पीकरचा खोका दिराच्या ड्रमच्या डाव्या बाजूहून उजव्या बाजूला नेला. खोका जड होता. मदतीला कुणी नव्हतं आणि तिने कुणाला बोलावलंही नाही. उजव्या बाजूने ढोलाचा पायपट्टा दिसत होता, आणि त्यावर पडणारी टाच.

दीर आला आणि बघतच राहिला. "घोगऱ्या, वहिनींना सांग, त्यांची जागा पलीकडे आहे."

"भावजींना सांग, जागा कुणाच्या बापाची नाही."

"अरे, वाजवा रे!" घोगऱ्या ओरडला. "लोक आलेत."

जावई स्टेजच्या पायरीवर बसला, बासची पेटी मांडीवर घेऊन.

पहिलं गाणं सुरू झालं. दिराने पायाचा ठोका मागे ओढला. ठोक्याआधी टाच उचलली गेली, ती खाली येताना तिने बघितली आणि तिच्याबरोबर स्वर टाकला. काठी पडली, स्वर कापला. तो आणखी मागे सरला, तीही सरली. मग त्याने एकदम एक ठोका लवकर टाकला. तो तिचा हुकला. पायरीवर पेटीची कडी वाजली. तिने तिकडे बघितलं नाही. पुढच्या वेळी टाच अर्धवटच उचलली गेली, तेव्हा तिने ओळखलं की लवकरचा ठोका असा येतो. तो पुन्हा हुकला नाही.

मानेत कळ येत होती. मांडीला गोळा आला. एका माणसाच्या टाचेकडे एवढा वेळ बघत राहणं सोपं नाही, त्यातून तो माणूस आवडीचा नसेल तर.

दोन गाण्यांच्या मध्ये दीर पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला. "माझ्या पायाकडे काय बघता?"

"वर बघण्यासारखं काही दिसलं नाही."

दुसरं गाणं संथ होतं. आता राग त्याच्या पायात उतरला. त्याने प्रत्येक ठोका खेचून खेचून टाकला, सगळे सारखेच उशिरा, आणि ती प्रत्येकात शिरून बसली. काठी मात्र जागच्या जागी पडत होती. ती चुकवणं त्याच्या अभिमानाला झेपणारं नव्हतं. गाणं जड झालं, भरल्या गोणीसारखं, आणि तरी चालत राहिलं. खुर्च्यांवरची माणसं उठली. भिंतीला टेकून उभ्या बायकाही आत आल्या. घोगऱ्याने मागे वळून बघितलं आणि तेच कडवं परत घेतलं.

पुढची गाणीही तशीच गेली. जावयाने पेटीची कडी लावली आणि सरबत प्यायला गेला.

कार्यक्रम संपल्यावर घोगऱ्याने दिराचा खांदा थोपटला. "काय पाय लागला आज तुझा! थोडा मागे, मस्त जड. दर वेळी असाच ठेव. आणि जावईबापूंना सांग, सध्या काही गरज नाही."

दिराचा चेहरा पडला. आपण काय करत होतो ते सांगायची सोय नव्हती. बासवालीला कुणी काही बोललं नाही. ती वायर गुंडाळत होती.

घोगऱ्या गेल्यावर दीर जवळ आला. "मी मुद्दाम करत होतो."

"माहीत आहे."

"पुढच्या वेळी बघून घेईन."

"घ्या. फक्त पँट जरा आखूड घाला. टाच नीट दिसत नाही."

त्याने दात खाल्ले आणि निघून गेला.

पुढच्या कार्यक्रमाला तो पार जमिनीला टेकणारी पायघोळ पँट घालून आला, टाच पूर्ण झाकलेली. ती नेहमीपेक्षा जरा पुढे उभी राहिली आणि त्याच्या गुडघ्याकडे बघू लागली. गुडघा तर टाचेच्याही आधी हलत होता.