जनरलसाहेबांचं चरित्र, पानं चाळीस

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, तेही एका जनरलवर. दूरच्या एका छोट्या देशात हा माणूस जंगलात राहून लढला, क्रांती केली आणि राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचं चाळीस पानी चरित्र आमच्या तालुक्याच्या छापखान्यात छापलं गेलं. बाबा शाळामास्तर, त्या देशाकडे कधी फिरकलेलेही नाहीत. पुस्तकाचं शेवटचं वाक्य मला लहानपणापासून पाठ होतं: 'जनरल आजही साध्या घरात, आपल्या माणसांत राहतात.'

हे आपल्या माणसांत राहणारे जनरल तब्येत दाखवायला सारखे सिंगापूरला यायचे, मी नोकरी करते त्याच हॉस्पिटलात. इतकी वर्षं खुर्ची उबवून स्वतःच्या देशात स्वतःचं पोट तपासून घेण्याजोगा एक दवाखाना या गृहस्थांना उभारता आला नव्हता. सकाळी ते खालच्या कॅफेत बसत. अंगात रेशमी शर्ट, मागे चार मदतनीस, त्यातला एक नुसता केकची बशी धरायला. मला त्यांची किळस यायची.

बाबा सिंगापुरात बुकित पंजांग भागातल्या आमच्या घरी राहायला आले, तेव्हा मी हे सगळं त्यांना मुद्दाम सांगितलं. एकदाचं भूत उतरावं म्हणून. झालं उलटंच. आजारी माणसाने उपचार घेऊ नयेत का, असं मलाच विचारून त्यांनी बॅगेतून चरित्राची प्रत काढली. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'सप्रेम भेट' लिहिलं. खाली सही मात्र केली नाही. एवढ्या मोठ्या माणसापुढे आपलं नाव कशाला मिरवायचं, म्हणे. मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, एमआरटीच्या मेट्रोत पुस्तक मांडीवर धरून ते माझ्याबरोबर आले. कॅफेत जनरलसमोर जाऊन उभे राहिले, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर राहायचे तसे ताठ. घोकलेली इंग्रजी वाक्यं ऐनवेळी आठवेनात. त्यांनी नुसतं पुस्तक पुढे केलं. मुखपृष्ठावर तरुण जनरल, खांद्याला बंदूक. जनरलनी तो फोटो पाहिला, खूश झाले, पहिलं पान उघडून 'सप्रेम भेट'च्या खाली झोकात सही ठोकली आणि पुस्तक बाबांना परत दिलं. मग केककडे वळले.

मी पुढे होऊन इंग्रजीत सांगितलं की हे यांनीच तुमच्यावर लिहिलंय, तुम्हाला द्यायला आणलंय. मदतनीसाने मला हातानेच बाजूला सारलं. सर दमलेत, म्हणाला.

परतताना मी बाबांना म्हटलं, आता गावात दाखवा, जनरलनी स्वतः भेट दिली म्हणून. तेव्हा मला टोचून बोलायचंच होतं. आज त्याची लाज वाटते.

बाबांनी पहिलं पान उघडून ती सही पाहिली. मग म्हणाले, "ही भाषा कोणती, एवढंसुद्धा त्याने विचारलं नाही गं."

घरी आल्यावर त्यांनी माझ्या मुलीकडून लाल पेन मागून घेतलं. शेवटचं पान उघडून शेवटचं वाक्य खोडलं. मुलांच्या वहीत शेरा मारायचे तसं समासात लिहिलं: 'ऐकीव माहिती.' आणि त्याच्याखाली, पूर्ण नाव लिहून, स्वतःची सही केली.