भावकू पाटलांची करकर

मष्णू चांभार गावातल्या झाडून साऱ्या पायांना पायताण घालायचा, पण पाटलांच्या दारावरून जाताना स्वतःचं मात्र काढून काखोटीला मारायचा. तसा रिवाजच होता. निपाणीजवळच्या त्या गावात रिवाजांना काही तोटा नव्हता. दुसरा रिवाज करकरीचा. भावकू पाटलांच्या चपलांच्या दोन थरांत मष्णू वाळलेलं बी दडवून शिवायचा. गल्लीच्या तोंडाला ती करकर ऐकू आली की कट्ट्यावरची मंडळी उठून मुजरा करायची. मान वर करून बघायची कुणाला गरज वाटत नसे.

मग लढाई आली आणि सगळं कातडं पलटणीच्या बुटांकडं गेलं. मष्णूची कातडं कापायची रापी गंजायला लागली. तेवढ्यात बेळगावच्या कॅम्पातले मोडीत निघालेले टायर निपाणीच्या मोटार स्टँडवर विकायला आले. मष्णूनं दोन टायर डोक्यावरून घरी आणले.

"आता मोटार हाकणार व्हय?" बायको अंबुबाईनं विचारलं.

पाणी लावून लावून त्यानं टायर कापला. तळवे झाले, ट्यूबचे पट्टे झाले, आतली तार बादल्यांच्या कड्यांना गेली. उरलेले तुकडे चुन्याच्या भट्टीवाल्यानं जळणाला नेले आणि सारं गाव खोकत बसलं. चपला मात्र कुणी घेईना.

नशीब फळफळलं ते मामलेदारामुळं. चिकोडीहून येऊन त्यानं बाजारात भाषण ठोकलं : कातडं जवानांना द्या! भावकू पाटलांना रावसाहेब व्हायची भारी हौस. ते ताडकन उठले, चपला काढल्या आणि गरजले, "लढाई संपंस्तोवर ह्या पायांस्नी कातडं लागायचं न्हाय!" चिंचेखालच्या मष्णूच्या पालातला टायरचा जोड त्यांनी तिथंच पायात घातला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी पाटील कट्ट्यावर गेले, तर एकही माणूस उठला नाही. टायर कसला करकरतो? उलट त्यांचाच गडी कल्लाप्पा त्यांच्या शपथेची नक्कल करत होता. पाटलांनी मागं उभं राहून ती शेवटपर्यंत ऐकली.

"मष्ण्या, ह्यात करकर घाल," ते येऊन म्हणाले, "न्हायतर बाजारातली जागा सोड."

ती जागा मष्णूच्या बापापासूनची. ती गेली तर चूलच थंड. त्यानं बी घातलं, बांबूची कामटी घातली. रबरानं सगळं गिळून टाकलं. शेवटी पाटलांनीच तोड काढली. जुन्या कातडी चपला दुसऱ्यानं घालायच्या आणि पुढं चालायचं.

"धन्याचं पायताण पायात? पाप लागंल!" कल्लाप्पानं कान धरले. "मष्णूनं शिवल्यात, त्योच घालू दे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून पुढं करकरत मष्णू आणि मागं मुके पाटील. पहिल्यांदा पाटलांच्या दारापुढं पायताणासकट जाताना मष्णू चवड्यांवर चालला. परतताना तो टाच जरा जास्तच दाबत होता. खोटं कशाला बोला, त्याला लई बरं वाटलं.

पुढं पाटलांना दुपारची झोप मोडवेना. मान मात्र रोजचा हवा! मग ते मष्णूला एकट्यालाच गल्लीतून फिरून यायला धाडू लागले. मंडळी उठायची, बघायची तर नुसता मष्णू. शिव्या हासडून खाली बसायची. हळूहळू उठायचीच बंद झाली.

लढाई संपली. रावसाहेबी तंबाखूच्या एका व्यापाऱ्याला गेली. पाटलांनी मष्णूकडून चपला काढून घेतल्या, त्यांच्यावर गोमूत्र शिंपडलं आणि इतक्या दिवसांनी स्वतःच्या पायांनी करकरत कट्ट्याकडं निघाले. छाती पुढं, मिशीला पीळ.

आवाज ऐकून एक म्हातारा उठायला लागला. कल्लाप्पानं मान वर न करताच त्याचं धोतर ओढलं.

"बसा वो. मष्णू असंल."

पाटील संतापून मागं वळले. मागं खराच मष्णू उभा होता. त्यांच्या दारावरून तो कधी आला ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी त्याच्या पायांकडं बघितलं. टायरच्या चपला होत्या. मष्णूनं त्या काढल्या नाहीत.