तिसऱ्यांतला खेकडा

दोन फेब्रुवारी, रविवार. तिसऱ्यांचे दोन वाटे, दोनशे चाळीस रुपये. हजर: मी, माझी बायको आणि विकणारी कोळीण. डोंबिवली पश्चिमेचा बाजार, सकाळचे सव्वानऊ. त्या दिवसाचं सगळं मला इतकं नेमकं सांगता येतं, फक्त एक गोष्ट सोडून. त्या तिसऱ्या खाडीत कुठल्या जागी काढल्या होत्या, ते मला माहीत नव्हतं. पुढचं सगळं भांडण त्या एका गोष्टीवरून झालं.

घरी बायको विळीवर तिसऱ्या उघडत होती. तिने मला हाक मारून सांगितलं की एका शिंपल्यात किडा आहे, आणि पैसे परत मागायला मीच जायचं. मी भिंग आणलं. तो किडा नव्हता. वाटाण्याएवढा, मऊ, जवळजवळ पारदर्शक खेकडा होता. शिंपल्याच्या आत राहणारे असे खेकडे असतात हे मला माहीत होतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्याला एकतीस वर्षं झाली, त्यानंतर सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये मोजमापाची उपकरणं तपासून दाखले देण्यात गेली. पण शिकलेलं सगळंच जात नाही. ह्या खेकड्याच्या शेवटच्या पायाची लांबी मला पटेना. उरलेल्या तिसऱ्या मी स्वतः उघडल्या. आणखी दोन मिळाले. तिन्ही स्पिरिटमध्ये टाकले आणि फोटो वर्गमैत्रिणीला पाठवले.

ही वर्गमैत्रीण ठाण्यातल्या एका कॉलेजात शिकवते. दोन कोळंब्या आणि दोन खेकडे, अशा चार नव्या जाती तिच्या नावावर आहेत आणि त्या चार आहेत हे ती विसरू देत नाही. तिने रात्री फोन केला. म्हणाली, नवीन असू शकतो, पण तू आणलेल्या तिन्ही माद्या आहेत, त्यांचं मी काय करू?

"नर आण. आणि जागा आण. बाजारातून घेतला असं लिहिलं तर लोक हसतील मला."

नर टाचणीच्या डोक्याएवढा असतो आणि तो फार थोड्या शिंपल्यांत सापडतो. जातीची ओळख मुख्यतः त्याच्या पोटाखालच्या एका अवयवाच्या आकारावरून ठरते. म्हणजे पुष्कळ तिसऱ्या उघडणं आलं. मी अकरा रविवार तिसऱ्या आणल्या. एकूण दोन हजार तीनशे बारा तिसऱ्या, एकेचाळीस खेकडे, त्यात नर पाच. सगळे मोजले, मादीची रुंदी सरासरी सहा पूर्णांक दोन मिलिमीटर, नराची दोन पूर्णांक चार. प्रत्येक माप तीनदा घेतलं. तिसऱ्या टाकवत नव्हत्या, म्हणून अकरा आठवडे घरात तिसऱ्यांचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, तिसऱ्यांची भजी. आठव्या रविवारी बायकोने ताट माझ्यापुढे सरकवलं.

"अहो, आता घरात काय शिजायचं ते खेकडे ठरवणार का?"

मी म्हटलं, तीनच रविवार राहिले. ती म्हणाली, हे तुम्ही पाचव्या रविवारीही म्हणाला होतात. ते खरं होतं.

नर झाले, जागा उरली. कोळीण ठाण्याच्या कोळीवाड्यातली, पन्नाशीची. माझी बायको तिच्याकडून अकरा वर्षं मासे घेते. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, खाडीतून. मी म्हटलं, खाडी मोठी आहे. ती म्हणाली, मग तिसऱ्या पण भरपूर आहेत, घ्या. पुढच्या रविवारी परत विचारलं, तेव्हा तिने कळव्याच्या पुलाखाली असं सांगितलं आणि वर भरतीओहोटीची वेळसुद्धा दिली. मी सोमवारी अर्धी रजा टाकली, गमबूट घेतले आणि ओहोटीला तिथे उतरलो. दीड तास चिखल चाळला. प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल, रिकामे शिंपले. जिवंत तिसरी एकही नाही.

रविवारी मी बाजारात आवाज चढवला, हे मान्य करतो. मी म्हटलं, अकरा आठवडे तुमचा माल मी घेतोय, एका प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही? शेजारच्या दोघी कोळंबी सोलायच्या थांबल्या. ती मात्र शांतपणे पाणी मारत राहिली.

"मी तुमाला तिसऱ्या इकल्या, साहेब. जागा नाय इकली."

शेजारची म्हणाली, ह्यांना खेकड्याशी सोयरीक करायचीय, पत्ता पायजे पोरीचा. सगळ्या हसल्या. माझी बायकोही हसली, आणि घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

बंदरावर एक होडीवाला आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना तो खाडीत फिरवतो. तो त्या कोळणीच्याच गल्लीतला. मी त्याला गाठलं आणि तिसऱ्या काढायला बायका कुठे जातात ते विचारलं. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, नेतो, आठशे द्या. माझी सवय अशी की एकरकमी आकडा मला चालत नाही. कंपनीतही एका ओळीचं बिल मी परत पाठवतो. मी त्याला विचारलं, ह्यात होडीचे किती आणि सांगण्याचे किती?

त्याने माझ्याकडे पाहिलं. असा हिशेब त्याने कधी केला नसावा. मग म्हणाला, "पाचशे होडीचे. तीनशे सांगण्याचे."

मला ते बरोबर वाटलं. मी तसंच वहीत लिहिलं.

एप्रिलचा शेवट होता. जागा कुठे आहे ते मी इथेही लिहिणार नाही. खारफुटीच्या मागे चिखलाचा एक पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर तीन बायका गुडघाभर उतरून हातांनी चाचपत तिसऱ्या काढत होत्या. मधली आमची कोळीण होती. होडी दिसताच तिने मान वर केली. माझ्याकडे तिने नीट पाहिलंही नाही. होडीवाल्याला तिने जे सुनावलं ते त्याच्या बापापासून सुरू झालं आणि बराच वेळ चाललं. तो पाण्याकडे बघत बसला. मी तोवर फोनवर अक्षांश आणि रेखांश घेतले, दशांशानंतर पाच आकडे. पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटर.

ती चिखल तुडवत होडीपाशी आली.

"घेतलात नंबर?"

मी हो म्हटलं. मग तिने मला जे सांगितलं ते ओरडून सांगितलं नाही. तिच्या सासूच्या वेळी त्यांची दुसरी जागा होती. हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एकाला ती कळली. त्याची माणसं लोखंडी दाताळी घेऊन आली आणि एका हिवाळ्यात नखाएवढ्या तिसरीसकट सगळं ओरबाडून गेली. नऊ वर्षं तिथे काही आलं नाही. ह्या बायका अंगठ्याच्या नखापेक्षा लहान तिसरी परत चिखलात दाबतात. मी बघतच होतो. ह्या पट्ट्यावर तीन घरांच्या चुली पेटतात, असं ती म्हणाली. माझ्या कागदात जागा छापली तर ह्या पट्ट्याला पुढचा हिवाळा बघायला मिळणार नाही.

मी चिडलेलो होतो आणि उन्हात होतो. मी म्हटलं, बाई, हा कागद जगात चाळीस माणसं वाचतील.

"चाळीस लय झाली," ती म्हणाली आणि परत गेली, कारण ओहोटीचा तासभरच उरला होता.

पटलं असं मी तेव्हा म्हणालो नाही. पण परतताना मला एक गोष्ट टोचत राहिली: मला जागा हवी होती ती माप म्हणून, आणि तिच्या दृष्टीने ते माप नव्हतंच. मी रात्री जर्नलसाठीच्या वर्णनाचा मसुदा उघडला. पाच आकड्यांच्या जागी अक्षांश-रेखांश जवळच्या पाच मिनिटांपर्यंत ढोबळ करून लिहिले आणि पुढे लिहिलं: अनिश्चितता पाच किलोमीटर. खोटा आकडा मी लिहिणार नाही. पण किती नेमकं सांगायचं हे सांगणाऱ्याने ठरवायचं असतं. एकतीस वर्षं मी प्रत्येक दाखल्यावर तेच लिहीत आलो आहे.

वर्गमैत्रीण ते वाचून भडकली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, विद्यार्थ्यांसमोर.

"अरे, फोनला तीन मीटरपर्यंत कळतं आणि तू पाच किलोमीटर लिहितोस? हे जर्नल आहे, तुझं वागळे इस्टेट नाही."

मी म्हटलं, वागळे इस्टेटमध्ये हे चाललं नसतं तर माझी नोकरी केव्हाच गेली असती. मी तिला बायकांचं सांगितलं. ती म्हणाली, उद्या दुसऱ्या कुणाला हा खेकडा परत शोधायचा झाला तर त्याने काय करायचं? हा प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, त्याने बाजारात जाऊन तिसऱ्या घ्याव्यात. तिने खरे आकडे मागितले, मी दिले नाहीत. फोनमधून पुसले आहेत असं सांगितलं आणि मग तिच्यासमोर पुसले, म्हणजे ते वाक्य खोटं राहू नये. पंधरा दिवस बोलणं बंद. शेवटी तिने अट घातली: तिचं नाव आधी, माझं नंतर, आणि जातीचं नाव ती ठेवणार. तिसऱ्या मी उघडल्या होत्या, मापं माझी, चित्रंही माझी. मी हो म्हटलं. सप्टेंबरमध्ये लेख छापून आला. जातीच्या नावात खाडी आहे. तिच्या नावावर आता पाच जाती आहेत.

ज्या एका नरावरून ते नाव ठरलं तो आता एका संग्रहालयातल्या बाटलीत आहे. तिकीट मी लिहिलं. त्यावरही पाच किलोमीटर.

बायकोने बाजारात ही बातमी पोचवली, की जागा छापली नाही. कोळीण म्हणाली, "बरं." मला त्याहून जास्त काही ऐकायचं होतं, हेही मान्य करतो.

दिवाळीनंतर ती काही रविवार दिसली नाही. डिसेंबरात दिसली. समोर ओला माल नव्हता. टोपलीत सुका जवळा होता, घाऊक बाजारातून आणलेला. बायकोने तिसऱ्यांचं विचारलं. ती बायकोशी बोलली, पण ऐकवत मला होती.

होडीवाल्याने दिवाळीच्या ओहोटीला सहा माणसं नेली होती, दाताळी घेऊन. मग परत दोनदा. पट्टा संपला. मी म्हटलं, लेखात जागा नाही, तुम्ही कुणाकडूनही वाचून घ्या. ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"कागदाला कोण इचारतो, साहेब? त्यानं होडीचे पाचशे घेतले. आणि सांगायचे माणशी तीनशे. मी त्याला इचारलं, सांगायचे पैसे घ्यायला तुला कुणी शिकवलं?"

शेजारच्या दोघींचे हात कामात होते. मान कुणी वर केली नाही. माणशी तीनशे, सहा माणसं, अठराशे. तीन खेपा म्हणजे पाच हजार चारशे. हा गुणाकार माझ्या डोक्यात झाला आणि तो करताना मला स्वतःचा राग आला. इतकी वर्षं त्या गल्लीत ती जागा सगळ्या होडीवाल्यांना माहीत होती. तिला भाव नव्हता म्हणून ती टिकली होती. होडीचे किती आणि सांगण्याचे किती, हा प्रश्न खाडीत पहिल्यांदा मी विचारला होता.

मला जे बोलायचं होतं ते बाजारात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं आणि बसून ऐकायला ती मोकळी नव्हती. मी जवळ्याचा भाव विचारला.

"वाटा ऐंशीचा," ती बायकोला म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमाला दीडशे."

बायकोने पिशवी पुढे केली. माझ्याकडे सुटे नव्हते. मी दोनशेची नोट दिली. तिने दहाच्या पाच नोटा एकेक करून माझ्या हातावर मोजल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दीडशे रुपये, जवळ्याचा एक वाटा, कोळणीला, रोख.