शालूचा पदर आत, बाई बाहेर

आमच्या घरी पाहुणे जमले की बायको हमखास म्हणते, "त्यांना दाराची गोष्ट सांगा." म्हणजे मी कशी माती खाल्ली ती. सांगतो.

आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. नागपूरच्या एका कंपनीनं मला एनर्जी ऑडिटसाठी तात्पुरतं ठेवलं होतं. दुकानं, लॉज, दवाखाने यांत वीज कुठं वाया जाते ते शोधायचं आणि उपाय सुचवायचा. एकट्यानं केलेलं पहिलं काम तिथल्या मालकाला पटलं तर नोकरी कायम. नाही तर परत गावी, मोहाडीला, वडिलांच्या धानाच्या बांधीत. चिखलात मी काय दिवे लावतो, हे वडिलांना चांगलंच ठाऊक होतं.

पहिलं काम भंडाऱ्यातल्या कापडाच्या दुकानाचं. आत एसी घरघरतोय, छताला ट्यूबांची रांग, आणि दार सताड उघडं. गळ्यात उजेड मोजायचं यंत्र अडकवून मी डॉक्टरच्या ऐटीत फिरलो. निदान सोपं होतं, गार हवा दारातून पळते. दार आपोआप मिटावं म्हणून शेठना सांगून स्प्रिंग लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी आंधळगावच्या एक बाई लेकीच्या लग्नाचा शालू घ्यायला आल्या. रंग पाहायला शालू उचलून थेट बाहेर उन्हात निघाल्या. आपल्याकडे साडी अशीच घेतात, ट्यूबच्या उजेडावर कोणी विश्वास ठेवत नाही. माझ्या आईनंही जन्मभर हेच केलं. मला मात्र ते तेव्हा आठवलं नाही. मागून दार धाडकन मिटलं. पदर आत, बाई बाहेर.

"कोन लावलं हो हे शायनपन?" बाई बाहेरून ओरडल्या.

शालू फाटला नाही, एवढंच नशीब. शेठ म्हणाले, "कागद गुंडाळा, साहेब. कंपनीले फोन करतो मी."

तेव्हा साड्यांच्या घड्या घालणाऱ्या मावशी बोलल्या. दोन दिवसांत मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

"थांबा ना, शेठ. पोरगा बरा हाये, फक्त कोनाले विचारत नाही." मग माझ्याकडे वळून, "दार लावाचं तं उजेड आत आना ना, बाबू. खोक्याइच्या मांगं खिडकी हाये. तुमच्या यंत्रानं सांगतलं नाही काय?"

खोकी हटवली. मागं काचेची मोठी खिडकी, उत्तरेकडची. थेट ऊन नाही, म्हणजे कापडाचे रंग उडायची भीती नाही. बाईंनी शालू तिथं उलटासुलटा करून पाहिला.

"हां, आता दिसून राहिला रंग!"

तोच घेतला. त्या बाजूच्या ट्यूबा शेठनी स्वतःच बंद केल्या, आणि कंपनीला करायचा फोन तसाच राहिला.

अहवालात खिडकी माझी म्हणून गेली, कारण मावशींसाठी त्यात रकाना नव्हता. नोकरी कायम झाली, तसा मावशींचे आभार मानायला पेढे घेऊन दुकानात गेलो. दार धरून उभा राहिलो.

"दारात काहून उभे?" मावशी म्हणाल्या. "आत या, दार लावा. एसी चालू हाये."