तेलाच्या कॅनमधला दम

विठ्ठलाच्या आरतीत देवाला मारायची ती 'येई हो'ची पहिली हाक एका दमात किती लांबवायची, यावरून मराठी माणसं किती चुरस करतात हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आमच्या ग्वाल्हेरला तर ही चुरस जरा जास्तच. पिढ्यान्‌पिढ्या हिंदीत राहून आमची मराठी पातळ झाली, पण गणपतीत ती हाक मात्र कुणी आखूड करत नाही. शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीच्या गणपतीत हा मान माझ्या नवऱ्याचा. डोळे मिटून, मान वर करून हे सूर धरतात, बाकीचे एकेक करून गळतात आणि शेवटी यांचा एकट्याचा आवाज उरतो. मग डोळे उघडून हे असे बघतात, की विठ्ठल आला तो केवळ यांच्यामुळेच.

किला गेटला राहणारी यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, हे मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं, दादा मधेच नाकानं चोरून श्वास घेतो आणि झांजांच्या आवाजात ते कुणाला कळत नाही. दरवर्षी प्रसाद वाटताना हा खटला उभा राहतो. मी कुणाचीच बाजू घेत नाही. खरं सांगायचं तर हे चोरतात. शेजारी उभी असते मी, मला स्वच्छ ऐकू येतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची एक तरी लबाडी आपल्या मुठीत असावी, म्हणून गप्प राहते.

यंदाच्या थंडीत यांना ताप आला आणि छाती भरली. ताप गेला, पण दम काही परत आला नाही. जिना चढताना हे मधेच थांबून शेजाऱ्यांच्या बोगनवेलीचं कौतुक करू लागले. ज्या माणसाला गुलाब आणि जास्वंद यांतला फरक कळत नाही, त्याला एकदम बोगनवेल. डॉक्टरांनी फुप्फुसांची तपासणी लिहून दिली. एका यंत्रात जोरानं फुंकायचं, बस्स, एवढंच. "फुंकायला मी काय चूल पेटवायला बसलोय?" हे म्हणाले. "आणि अशा जागी गेलं की कुछ न कुछ निकलतंच." त्यानंतर तो विषय काढला की हे ऐकू येईनासं झाल्याचं सोंग करत.

मुलींच्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस लगेच वेगळा श्वास घेऊ लागतो, हे मी मुलींना शिकवत आले. म्हणून सकाळी मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायची आणि त्याच्या वरून यांच्या छातीकडे बघत मोजायची. जे मोजलं जायचं ते मला आवडत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते. त्या दिवसांत आमच्याकडे मिठापासून रिमोटपर्यंत सगळ्यावरून भांडणं झाली.

भांडून काम होईना, तेव्हा मी जुन्या लोकांकडे वळले. श्वासावर पहिलेवहिले प्रयोग करणाऱ्या मंडळींचे किस्से शिकवताना मला फार मजा यायची. इटलीतला एक वैद्य वर्षानुवर्षं तराजूत बसून जेवला, अंगातून आणि श्वासातून न दिसता काय उडून जातं ते वजनात पकडायला. फ्रान्समधल्या एकानं आपल्या सहकाऱ्याच्या तोंडाला नळी लावून त्याला पायानं खटका दाबत बसवलं, कष्ट केले की श्वास किती वाढतो ते बघायला. त्या प्रयोगाचं चित्र त्याच्या बायकोनं काढलं आणि त्यात टेबलाशी बसून टिपणं घेणारी स्वतःही काढून ठेवली. ही बाई मला माझ्याच नात्यातली वाटते. पण माझ्या कामाला आला तो एक इंग्रज डॉक्टर. त्यानं पाण्यात उपडं भांडं ठेवून लोकांना त्यात फुंकायला लावलं. खलाशी, पहिलवान, पोलीस, सगळे येऊन फुंकून गेले. यंत्रात फुंकायला नाही म्हणणारा माणूस पैजेवर मात्र नक्की फुंकेल, हे मला तेव्हा सुचलं.

वन्संना फोन करून कट सांगितला. खरं कारणही सांगितलं, की यांना हरवायचं आणि ते हरणं दाखवून डॉक्टरांकडे न्यायचं. "वहिनी, तुम्ही बेफिकीर राहा," त्या म्हणाल्या. "मी असं हरवते दादाला, की तो खुद डॉक्टरकडे पळेल."

रविवारी वन्सं कचोऱ्यांचा डबा घेऊन हजर झाल्या. मागच्या अंगणात मी टब भरून ठेवला होता. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घासूनपुसून त्यावर नेलपॉलिशनं खुणा केल्या होत्या. तो काठोकाठ पाण्यानं भरून टबात उपडा धरला आणि त्याच्या तोंडाखाली कूलरची नळी सरकवली. नळीतून फुंकलं की हवा कॅनमध्ये वर साचते आणि तेवढं पाणी खाली उतरतं. जेवढं उतरलं, तेवढा तुमचा दम. नाकाला लावायला कपडे वाळत घालायचा चिमटा. आदल्या दिवशी मी स्वतः फुंकून बघितलं होतं, नळी ठणठणीत होती.

"हा काय तमाशा?" यांनी खुर्चीतूनच विचारलं.

"दादा, आज फैसला होऊन जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. "चिमटा लागला की तुझी चोरी बंद."

चोरी म्हटल्यावर हे उठले.

आधी वन्सं फुंकल्या. पाणी भराभर उतरत अर्ध्यावर आलं आणि त्या चिमट्यासकट नाकात हसल्या. मग यांनी चिमटा लावला, मान वर केली, डोळे मिटले, आरतीला उभे राहतात तसेच, आणि फुंकले. थोडेसे बुडबुडे वर गेले. पाणी पहिल्या खुणेच्या जरा खाली सरकलं आणि थांबलं. यांच्या मानेच्या शिरा ताठल्या, चेहरा लाल झाला आणि मग खोकला सुरू झाला तो थांबेचना. मी चिमटा ओढून काढला, पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या इंग्रज डॉक्टरचा, त्याच्या भांड्याचा आणि माझ्या हुशारीचा मला संताप आला.

"नळी लीक आहे," खोकला आवरल्यावर हे म्हणाले.

आता पाळी वन्संची. नळी तपासून ती धडधाकट असल्याचं त्यांनी सांगायचं आणि दादाकडून हार कबूल करून घ्यायची, असं आमचं ठरलं होतं. वन्संनी नळी उचलली, बोटांमधून इकडून तिकडे फिरवली. दादाकडे त्यांनी बघितलं नाही.

"हो रे दादा, इथे चीर आहे. सगळी हवा बाहेर गेली," त्या म्हणाल्या. "नाहीतर तूच जिंकला असतास. आणि ते चोरीचं पण मी उगीच बोलते. जळते ना मी."

मी डोळे वटारले, तर त्या पदरानं हात पुसत बसल्या. चहासुद्धा न घेता ई-रिक्षा बोलावून निघून गेल्या. ऐन वेळी फितूर झालेल्या या बाईला मनातल्या मनात भरपूर बोल लावून मी अंगणात परत आले.

हे टबापाशी उकिडवे बसले होते. नळीचं एक टोक अंगठ्यानं दाबून, मधला भाग पाण्यात बुडवून हे दुसऱ्या टोकानं फुंकत होते. पाण्यात एकही बुडबुडा येत नव्हता.

"नळी तर ठीक आहे," हे म्हणाले.

"माहीत आहे मला."

"लहानपणी हिनं मला पेरूची एक फोड कधी जास्त दिली नाही. पत्त्यात हरवलं की पूर्ण मोहल्ल्यात सांगून यायची." बोलता बोलता हे थांबले, श्वास घेतला, मग पुढचं वाक्य. "ती आज म्हणते, तूच जिंकला असतास. इतका खराब दिसतो का गं मी?"

मी यांच्या शेजारी टबापाशी बसले.

"हो," मी म्हटलं. "मला फार भीती वाटते."

यांनी नळी झटकून टबाच्या काठावर ठेवली. "मग उद्या चलू या डॉक्टरकडे. आणि तिला फोन करून सांग, झगडा करायला येत जा पहिल्यासारखी. ती अशी गोड बोलली की डर लगता है."

मी आत जाऊन फोन उचलला. डॉक्टरांची उद्याची वेळ मी कट ठरला त्याच दिवशी घेऊन ठेवली होती, पण ते यांना सांगायची काही गरज नव्हती. वन्संचा नंबर लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. "उद्या जातोय डॉक्टरकडे," मी म्हटलं, "आणि तुम्हांला निरोप आहे, झगडा करायला येत जा पहिल्यासारख्या."