चिठ्ठी आणा, मग बघू

परवा बाजाराच्या दिवशी ताराबाई पुन्हा आल्या. दारातच कनवटीची प्लास्टिकची पिशवी डाव्या हाताने सोडवली, आतला कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आनली मॅडम चिठ्ठी. आता तं पाहान ना हात?"

चिठ्ठी मीच मागितली होती... जून महिन्यात. आणि परवा दसरा होऊन आठवडा झाला होता.

अहेरीत माझं छोटंसं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. दोन खाटा, एक शेकायचं मशीन, भिंतीला एक पुली. आणि दारावर लाल अक्षरांत बोर्ड: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय उपचार केले जाणार नाहीत.

तो बोर्ड मी हौसेने लावलेला नाही हो. नवीन होते तेव्हा एका डॉक्टरांनी पेशंटसमोरच झापलं होतं, आमच्या पेशंटला हात लावायला तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून. त्याचा मी असा धसका घेतला की दुसऱ्याच दिवशी पेंटर गाठला.

गंमत बघा, आमच्या फिजिओंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज हीच चर्चा असते. पेशंटने थेट आपल्याकडे यावं, आपण शिकलोय, आपल्याला कळतं, चिठ्ठी कशाला हवी... आणि अशा प्रत्येक मेसेजला टाळ्या देणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे! मोबाईलवर मी फार शूर आहे.

तर जूनची गोष्ट. ताराबाईंचं गाव इथून आत, जंगलात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना त्या पडल्या, उजवा कोपर निखळला. लांबच्या एका दवाखान्यात तो बसवून प्लास्टर घातलं. प्लास्टर निघाल्यावर हात काटकोनात अडकलेला... म्हणून कोणीतरी सांगितलं आणि त्या सरळ माझ्याकडे आल्या.

मी हात बघितला. म्हणजे लांबूनच, खुर्चीत बसून. प्लास्टरनंतरचा आखडलेला कोपर, यात नवल काहीच नव्हतं. रोज थोडा थोडा स्वतः हलवायचा, जोर करायचा नाही, आणि मालिश अजिबात करायची नाही. पाच मिनिटांत सांगून झालं असतं.

मी काय सांगितलं? "चिठ्ठी आणा, मग बघू." बोर्डाकडे बोटही दाखवलं. बाईंना वाचता येत नाही, हे मला नंतर कळलं.

त्या गेल्या की चिठ्ठी आणायला! पहिल्या खेपेला प्लास्टर घातलेल्या दवाखान्यातले डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले. दुसऱ्या खेपेला नाल्याला पूर आला, बस अर्ध्यातून परत फिरली. मग भाताची रोवणी लागली, आणि पुढे दोन महिने कधी पाणी तर कधी चिखल.

या सगळ्यात हात काही सुटेना. मग गावातल्या हाड बसवणाऱ्या भाऊंनी रोज तेल लावून, दाबून, ओढून मालिश केली. "चांगली जोरानं करून देल्ली मॅडम. म्हने, हात मोकळा होईन."

त्या भाऊंवर मी चिडू तरी कशी? त्यांनी निदान हात हातात घेतला होता.

परवा मीही घेतला, पहिल्यांदा. दंडाच्या खालच्या बाजूला लिंबाएवढा टणक गोळा लागला. इथे अहेरीतच एक्स-रे काढून आणायला लावला. जे नको होतं तेच... मालिशच्या जोराने दुखावलेल्या स्नायूत हाड तयार झालं होतं. कोपर पुढे-मागे बोटभरसुद्धा हलत नव्हता.

एक्स-रेची वाट बघताना दुपार झाली होती. ताराबाईंनी भाताचा डबा उघडला आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, संकोच असेल. मग लक्षात आलं, उजवा हात तोंडापर्यंत पोचतच नाही. त्या डाव्या हाताने जेवत होत्या, आणि ते कोणी बघू नये म्हणून तोंड फिरवून बसल्या होत्या.

त्यांनी आणलेली चिठ्ठी मी तेव्हा नीट वाचली. त्यावर चारच शब्द होते, हाताची फिजिओथेरपी करून घ्यावी. या चार शब्दांसाठी मी चार महिने थांबवलं त्यांना.

मला राहवलं नाही. म्हटलं, ताराबाई, चूक माझी आहे. त्याच दिवशी मी बघायला हवं होतं.

तर त्याच मला समजावू लागल्या. "तुमी कुठी नाई म्हनलं होतं मॅडम? चिठ्ठी आना म्हनलं. मलेच आनाले उशीर झाला."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं हो...

आता हे माझ्या हातचं राहिलेलं नाही. हाड पक्कं झाल्यावर ऑपरेशन करून काढता येतं का, ते हाडांचे सर्जनच सांगतील. त्यामुळे या वेळी चिठ्ठी मी लिहिली. पानभर, सगळं खरं खरं, मी जूनमध्ये परत पाठवलं होतं तेसुद्धा.

ताराबाईंनी ती घडी करून त्याच पिशवीत घातली आणि विचारलं, "आता हे चिठ्ठी नेली तं हात तोंडापर्यंत जाईन ना?"

मी म्हटलं, जाईल. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

बोर्ड मी त्याच संध्याकाळी उतरवला. आता कोणीही आलं तरी आधी हात हातात घेते, कागदाचं नंतर विचारते. जिथे माझं काम नाही तिथे नाही म्हणते, पण बघून नाही म्हणते. हे मला ताराबाईंनी शिकवलं, आणि त्याची किंमत त्या रोज दोन वेळा, भिंतीकडे तोंड करून मोजतायत.